बत्तीसशेची रॅम

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी दुकानात येतो आणि मोबाईलवरचा एक फोटो माझ्यासमोर धरतो. "दादा, बत्तीसशेची रॅम म्हणून पैसे घेतले आणि आत सोळाशेचीच निघाली." फोटोत सीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरची चौकट असते आणि तिच्यात १६०० च्या आसपासचा आकडा. फसवलेलं कुणीच नसतं. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते. सेकंदाला ठोके १६० कोटी, देणं ३२० कोटी वेळा. डब्यावर मोठा आकडा छापतात, सॉफ्टवेअर लहान दाखवतं. एवढं सांगितलं की माणूस शांत होतो, चहा घेतो आणि जातो.

गंमत अशी की ज्याची तक्रार करायला हवी ते कुणाच्या लक्षातच येत नाही. बत्तीसशेची रॅम नव्या बोर्डात बसवली म्हणून ती आपोआप बत्तीसशेनं चालतेच असं नाही. बहुतेकदा ती २१३३ ला चालते, नाहीतर २४०० ला किंवा २६६६ ला. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक चिमुकली चिप असते. तिच्यात जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेला मान्य असलेले वेग लिहिलेले असतात. मशीन सुरू होताना बोर्ड तेच वाचतं. त्यांच्याच शेजारी स्टिक बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या हिमतीवर एक वेगवान नोंद लिहून ठेवलेली असते. तिला एक्सएमपी म्हणतात. इंटेलनं ही सोय २००७ मध्ये डीडीआर-३ बरोबर आणली; एएमडीनं डीडीआर-५ साठी २०२२ मध्ये एक्स्पो नावानं स्वतःची आणली. ही नोंद बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. कित्येक मशीनं विकत घेतल्यापासून भंगारात जाईपर्यंत २४०० वरच चालतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. खरं सांगायचं तर ते मालक सुखी आहेत. माझ्या टेबलावर येतात ती मशीनं नोंद चालू केलेल्यांची.

मी सांगलीत कॉम्प्युटर जुळवून देतो. गिऱ्हाईक ठरलेलं: लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ, अल्बम डिझाइन करणारे, ऑफसेटवाले, दोन-चार आर्किटेक्ट आणि गेम खेळणारी कॉलेजची पोरं. धंद्यात आलो तेव्हा रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, दिवसभर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) पायपीट करायची आणि पोत्यात बोर्डं घेऊन परत यायचं, अशी रीत होती. त्या काळी मेमरीचा वेग हातानं लावणं ही हौस नव्हती, ते कामच होतं. बोर्डावर जंपर असत, बायोसमध्ये 'कॅस लेटन्सी' समोर २ किंवा ३ निवडायचं असे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, त्याची ६६ ची बस १०० वर न्यायची आणि ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर निम्म्याहून कमी पैशात मिळवायचा, हा तर सायबर कॅफेवाल्यांचा आवडता उद्योग. प्रोसेसर बहुतेक वेळा मुकाट्यानं चढायचा. मशीन अडायचं ते मेमरीपाशी, आणि मग तीनवरून दोनवर आणलेलं कॅस परत तीनवर न्यायचं. मेमरीबद्दल माझं पहिलं शिक्षण तिथलं.

पण सविस्तर सांगण्यासारखी गोष्ट अलीकडची आहे. मिरजेच्या एका स्टुडिओचं मशीन. आठ कोअरचा रायझन ३७००एक्स, सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिक, ३२०० च्या, एक्सएमपी चालू. बराच काळ काही कुरकुर नव्हती. पुढं ४के चित्रीकरण वाढलं, ३२ जीबी कमी पडायला लागले, म्हणून मालकानं त्याच कंपनीच्या त्याच मॉडेल नंबरच्या आणखी दोन स्टिक मागवून स्वतःच बसवल्या. चारही स्लॉट भरले, ६४ जीबी झाले. थंडीचे दिवस होते. तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा सीझन बिनघोर गेला. मार्च सरला तसं रेंडर मध्येच थांबायला लागलं. कधी चाळीस टक्क्यांवर, कधी नव्वदवर. अधूनमधून निळी स्क्रीन, आणि तिच्यावर दर वेळी वेगळा मजकूर: आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट, परवा आणखी काही.

दर वेळी वेगळा मजकूर, हीच खूण. सॉफ्टवेअरमध्ये दोष असेल तर मशीन साधारण त्याच कामावर, त्याच जागी पडतं. दोष मेमरीत असेल तर त्या क्षणी त्या पत्त्यावर ज्याचा डेटा असेल त्याचा बळी जातो. पण ही खूण कुणी वाचली नव्हती. एकानं फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकलं होतं. दुसऱ्यानं एसएमपीएस बदलला होता. तिसऱ्यानं स्टिक काढून त्यांचे सोनेरी काठ खोडरबरानं घासून परत लावल्या होत्या. खोडरबराला मी हसत नाही. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली ओल यांनी त्या काठांवर थर बसतो, आणि 'डिस्प्ले येत नाही' म्हणून आलेली बरीच मशीनं रबरानंच उठतात. पण रबर फार तर संपर्क सुधारतं. इथं संपर्क उत्तम होता.

मालक वैतागून सगळं सांगत होता, त्यात एक वाक्य कामाचं निघालं. "दादा, सकाळी चालतंय. दुपारी जेवून येईपर्यंत बसलेलं असतंय."

सकाळ आणि दुपार यांत मेमरीच्या दृष्टीनं फरक काय, हे सांगायचं तर आत काय चालतं ते थोडं सांगावं लागेल. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना मी पुण्याच्या पेशवे दफ्तराचं उदाहरण देतो. कागद रुमालांत बांधून फडताळांवर ठेवलेले आहेत आणि तुम्हाला एका कागदावरची एक ओळ हवी आहे. कारकून आधी तो रुमाल उतरवणार, गाठ सोडणार, टेबलावर पसरणार; या वेळाला टीआरसीडी म्हणतात. पसरलेल्या रुमालातून नेमका कागद तुमच्या हाती पडायला जो वेळ लागतो तो सीएल. त्याच रुमालातला दुसरा कागद मागितला तर नुसता सीएल मोजायचा. वेगळ्या रुमालातला मागितला तर आधीचा बांधून जागेवर ठेवणं आलं, तो टीआरपी. आणि एकदा सोडलेला रुमाल किमान किती वेळ उघडा ठेवायलाच हवा, तो टीआरएएस. डब्यावर १६-१८-१८-३८ असे चार आकडे असतात. त्यात पहिला सीएल, मग टीआरसीडी, टीआरपी आणि शेवटी टीआरएएस.

पोरं विचारतात, काम झालं की लगेच रुमाल बांधला तर काय बिघडतं? बिघडतं, कारण हे दफ्तर विचित्र आहे. इथं कागद वाचला की शाई उडते. मेमरीतला एकेक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये ही रचना सुचली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजची डीडीआर-५ सुद्धा त्याच रचनेवर उभी आहे. कपॅसिटरमध्ये विद्युतभार आहे की नाही यावरून एक किंवा शून्य. तो वाचायला गेलं की भार सांडतो, म्हणून वाचलेलं लगेच परत भरावं लागतं, आणि ते पुरतं भरून होईपर्यंत ओळ उघडी ठेवावी लागते. ती घाईनं बंद केली तर भार अर्धवट राहतो. तो बिट त्याच क्षणी चुकत नाही, हीच पंचाईत. तो नंतर कधीतरी चुकतो, आणि तेव्हा आपण भलत्याच कामात असतो.

शिवाय न वाचलेला भारही गळतच असतो. त्यामुळे मेमरी दर ६४ मिलिसेकंदांत स्वतःचा सगळा मजकूर नव्यानं भरून घेते. त्यासाठी ८१९२ आज्ञा लागतात, म्हणजे डीडीआर-४ मध्ये दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. आणि ही गळती उष्णतेनं वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांपुढं गेलं तर ताजं करण्याचा वेग दुप्पट करा, असं मानकातच लिहिलेलं आहे. मिरजेचा तो स्टुडिओ पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर होता. एसी गिऱ्हाईक आलं की लागायचा. दुपारी ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर. तरी स्टिक ८५ च्या जवळपासही जात नव्हत्या. पण ती ८५ ची हमी जेडेकच्या वेगांसाठी आहे. हिमतीवर लिहिलेल्या नोंदीला ती लागू नाही.

आता दुसरी बाजू. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी स्वतःच एक तक्ता दिलेला असतो. या पिढीच्या रायझनसाठी दोन स्टिक असतील तर ३२००. पण चारही स्लॉट भरले आणि स्टिक दोन रँकच्या असतील तर २६६७. रँक म्हणजे चिपांचा एक पूर्ण संच. या सोळा जीबीच्या स्टिकवर दोन्ही बाजूंना चिपा होत्या, म्हणजे दोन रँक. चार स्टिक म्हणजे त्याच तारांवर दुप्पट बोजा. संकेत प्रत्येक जोडापाशी थोडा परततो, आपल्याच पुढच्या संकेतात मिसळतो, आणि एक आणि शून्य वेगळे ओळखायला मिळणारा अवधी आखडतो. एक्सएमपीची नोंद स्टिकच्या आत लिहिलेली असते. तिला शेजारच्या स्लॉटमध्ये कोण बसलंय हे ठाऊक नसतं.

'त्याच मॉडेलच्या आणखी दोन' यातही एक मेख असते. मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिपा बदलणं या धंद्यात सर्रास चालतं. आज सॅमसंगच्या, वर्षानं हायनिक्सच्या किंवा मायक्रॉनच्या. वेग तोच, डब्यावरचे चार आकडे तेच. पण डब्यावर न छापलेले आणखी डझनभर टायमिंग असतात आणि ते जुळत नाहीत. एका डब्यात आलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात, दोन डब्यांतल्या नसतात. कंपन्या हे लिहूनही देतात, बारीक अक्षरात.

काम सुरू केलं ते सगळं पुसून. जंपर लावून बायोस मूळपदावर आणलं. एकेक स्टिक एकटी बसवून रात्रभर मेमटेस्ट-८६ वर टाकली. हे सॉफ्टवेअर १९९४ पासून चालत आलेलं आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, विंडोज लागत नाही, आणि मेमरीच्या प्रत्येक घरात ठराविक नमुने लिहून परत वाचून बघतं. चारही स्टिक निर्दोष निघाल्या. मालकाला याचा आनंद झाला नाही. एखादी खराब निघाली असती तर वॉरंटीत बदलून मिळाली असती आणि विषय संपला असता. कुठलाच भाग खराब नाही आणि तरी मशीन चालत नाही, ही गोष्ट गिऱ्हाइकाला समजावणं अवघड जातं. बिल कशाचं लावलं असंही वाटतं त्याला.

दोन स्टिक, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ३२०० ला: पास. चार स्टिक ३२०० ला: मध्यरात्रीनंतर लाल ओळी. मग वेग २९३३ वर आणला, व्होल्टेज १.३५ तसंच ठेवलं. रात्रभर एक चूक नाही. इथं बरेच जण थांबतात आणि मशीन परत देऊन टाकतात. पण मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं, प्रोसेसर अर्धा झोपलेला असतो आणि बाहेर रात्र असते. मालकाचं मशीन पडत होतं दुपारी. म्हणून दुपारी, एसी बंद ठेवून, कॅबिनेटची झाकणं लावून, आधी त्याचंच रेंडर आणि नंतर प्राइम-९५ असं लावलं. (प्राइम-९५ मूळचं मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या १९९६ च्या प्रकल्पातलं. गणितात एक आकडा चुकला तर महिन्यांची मेहनत फुकट, म्हणून त्यांनी मशीन तपासायची सोय आतच ठेवली. आम्ही गणितात कच्चे लोक तेवढीच वापरतो.) चार वाजायच्या सुमारास २९३३ ही पडलं.

मग २६६६. इथं थोडी आकडेमोड उपयोगी पडते आणि ती कागदावर करावी. टायमिंगचे आकडे ठोक्यांत असतात, पण चिपला हवा असतो वेळ, नॅनोसेकंदांत. ३२०० ला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा, सीएल १६ म्हणजे बरोबर १० नॅनोसेकंद. ३६०० ला सीएल १८ घेतला तरी १०च, म्हणून डब्यावरचा मोठा सीएल बघून दचकायचं कारण नसतं. २४०० ला सीएल १७ मात्र १४ च्या वर जातो. आता २६६६ ला ठोका ०.७५ चा. टायमिंगचे आकडे न बदलता नुसता वेग उतरवला तर प्रत्येक कामाला २० टक्के जास्त अवधी मिळतो. आधी हा अवधी पूर्ण द्यायचा, मशीन उभं राहतंय का बघायचं, आणि मग त्यातला थोडा-थोडा परत घ्यायचा. एका वेळी एकच आकडा. वहीत लिहायचा, मग सेव्ह करायचं. दोन आकडे एकदम बदलले आणि मशीन पडलं तर कुणामुळं पडलं ते कळत नाही; हा नियम सोप्पा आहे आणि पाळला जात नाही, कारण प्रत्येक आकड्यामागं अर्धा दिवस जातो.

मशीन परत सुरू होतं तेव्हाची दोन मिनिटं मला अजूनही आवडतात. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतं, पुढच्या-मागच्या वेळा चाचपत असतं. जमलं नाही की बंद पडतं, परत उठतं, परत प्रयत्न करतं, आणि काही फेऱ्यांनंतर हार मानून जुन्या आकड्यांवर येतं. तेही नाही जमलं तर जंपर. माझ्या हिशेबात हा सगळ्यात चांगला बिघाड. ताण झेपत नाही हे मशीन तोंडावर सांगतं. निळी स्क्रीन हा त्याखालचा. काम बुडतं, पण निदान कळतं. सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे मशीन छान चालतं.

कारण त्या स्टुडिओत तेही घडलेलं होतं. रेंडरचं मार्गी लागल्यावर मालकानं सहज म्हणून एक फोल्डर दाखवलं. हळदीचे फोटो. काहींमध्ये वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा जागेवरून सरकलेला, गुलाबी नाहीतर राखाडी. त्याची समजूत होती की कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं. ती कार्डं त्यानं टाकूनही दिली होती. जेपेगमध्ये डेटा दाबून, एकापुढं एक साखळीनं भरलेला असतो. मधला एक बिट जरी उलटला तरी तिथून पुढचा सगळा भाग भरकटू शकतो. फाइल कॉपी करताना ती कार्डावरून थेट डिस्कवर जात नाही, आधी मेमरीत येते. बिट तिथं उलटला आणि डिस्कवर उलटलेलाच लिहिला गेला. विंडोजनं कॉपी पूर्ण झाली म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर होता, पण तो पहिल्या डिस्कवरूनच घेतलेला. दोन्हीकडं फोटो सारखेच बिघडलेले.

थंडीत, जेव्हा सगळं छान चाललं होतं, तेव्हाच्याही काही तारखा त्या फोल्डरात होत्या.

मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी ईसीसी मेमरी असते. ती प्रत्येक ६४ बिटांमागं ८ जादा बिट ठेवते, एक बिट उलटला तर दुरुस्त करते आणि नोंदही ठेवते. गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वर्षात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये किमान एक तरी चूक आढळली होती. ती मशीनं नेमून दिलेल्या वेगानं, थंड खोल्यांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारी. आपल्या टेबलावरच्या मशीनला चूक झाली हे समजण्याचीच सोय नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी २०२१ च्या सुरुवातीला यावरून इंटेलला चांगलंच सुनावलं होतं. साध्या ग्राहकाला ईसीसी नाकारणं त्यांना मान्य नव्हतं. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. हल्ली काही विक्रेते सांगतात की डीडीआर-५ मध्ये ईसीसी आपोआप येते. अर्धं खरं आहे. ती चिपच्या आतल्या चुका आत सुधारते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. आणि आपण वेग वाढवतो तेव्हा ताण पडतो तो बराचसा त्या वाटेवरच.

बोर्डाच्या 'ऑटो'वर सोडून द्यावं, असंही बरेच जण म्हणतात. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं की बोर्ड न सांगता बाकीची व्होल्टेजही चढवतं, मेमरी सांभाळणाऱ्या प्रोसेसरच्या भागाचंसुद्धा. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही नवे रायझन प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो जगभर फिरले, तेव्हा एएमडीनं त्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालायला लावली आणि बोर्डवाल्यांनी घाईनं नवी बायोस काढली. 'ऑटो' म्हणजे बोर्डवाल्याचा अंदाज. त्याला मशीन सुरू होण्यात रस आहे. ते पाच वर्षं टिकावं ही काळजी मालकाची.

स्टुडिओचं मशीन शेवटी २६६६ वर, १६-१६-१६-३६ ला स्थिरावलं. सीएल १४ लाही ते चाललं असतं. रात्रीच्या परीक्षेत चाललंच होतं. पण जे जेमतेम पास होतं ते मी गिऱ्हाइकाला देत नाही, एक पायरी खाली येऊन देतो. मालकाचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. "बत्तीसशेचे पैसे दिलेत आणि सव्वीसशेला चालवू होय?" कागदावर नुकसान दिसतं खरं: दोन चॅनेल मिळून सेकंदाला ५१.२ जीबी वाहू शकले असते, आता ४२.७ च. रायझनमध्ये आतल्या वाटांचा वेगही मेमरीच्या ठोक्याशी बांधलेला असतो, त्यामुळं तोही उतरला. मी त्याच्यासमोरच एक तासभराचं रेंडर लावून दाखवलं. दोन-तीन मिनिटं जास्त लागली. तेवढ्या वेळात तो खाली जाऊन चहा सांगून आला. मग काही बोलला नाही.

त्याला दुसरा रस्ताही सांगितला होता, आणि तोच योग्य आहे. चार सोळाच्या विकून दोन बत्तीसच्या घ्यायच्या. तेवढेच ६४ जीबी, दोनच स्लॉटमध्ये, आणि तक्त्याप्रमाणं ३२०० ची मुभा. नवं मशीन घेणाऱ्याला मी आता हेच बजावतो की पुढंमागं जेवढी मेमरी लागेल तेवढी आजच दोन स्टिकमध्ये घ्या, 'आत्ता दोन, नंतर दोन' नको. डीडीआर-५ मध्ये तर चार स्टिक लावल्या की नेमून दिलेला वेग आणखी खाली येतो.

गेम खेळणाऱ्या पोरांना मी हे ऐकवत नाही. त्यांचं मशीन पडलं तर एक डाव जातो, आणि त्या पडण्या-उठण्यातून ती जे शिकतात ते मी शिकवूनही शिकली नसती. एक पोरगा टीआरएफसी, म्हणजे मेमरी ताजी करायला लागणारा वेळ, खाली आणण्याच्या मागं लागलाय. आठ गिगाबिटच्या चिपला मानकानं तो ३५० नॅनोसेकंद दिलाय आणि हा तो निम्म्यावर आणू पाहतोय. आणू दे. मी त्याला एवढंच सांगितलंय की कॉलेजचा प्रोजेक्ट त्या मशीनवर ठेवू नकोस.

ज्यांचं पोट मशीनवर आहे त्यांच्याशी मात्र मला बोलायचंय. तुमच्या मशीनवर एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का, हे आज बघून घ्या; टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, आणि बोर्डाच्या वेबसाइटवर किंवा प्रोसेसरच्या तक्त्यात किती चालतो ते सापडतं. चालू असेल आणि वेग तक्त्यापेक्षा जास्त असेल तर मेमटेस्ट-८६ पेन ड्राइव्हवर घ्या. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या रात्रभरात पुरतात. ती पास झाली की एप्रिल-मे मधल्या एखाद्या दुपारी, पंखा आणि एसी बंद ठेवून, तुमचं सगळ्यात जड काम लावून बघा. एक जरी चूक निघाली तरी वेगाची एक पायरी उतरा, आणि त्या मशीनवरून आधी घेतलेले बॅकअप उघडून तपासा.